वाईट बातमी वर कोण नेणार?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने एक व्याख्यान योजिले होते. विषय होता ‘उद्योगधंद्यातील प्रभावी नेतृत्व’. वक्ते मोठमोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांना शिकविणारे. वाणी गोड, इंग्रजी सफाईदार आणि मागच्या पडद्यावर एकामागून एक सरकणारी चित्रे जोडीला. दीड तासात त्यांनी नेत्याच्या अंगी असावयाचे सात गुण सांगितले. दूरदृष्टी, आत्मविश्वास, वक्तृत्व, झटपट निर्णय घेण्याची शक्ती इत्यादी. ‘माझ्याकडे अडचणी आणू नका, उपाय आणा’ असे प्रत्येक साहेबाने आपल्या हाताखालच्या माणसांना बजावले पाहिजे, हा त्यांचा अखेरचा मंत्र. नंतर आभार मानावयास उठलेल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी आपल्या अनुभवाची भर घातली. ते म्हणाले, हे गुण उपजतच असावे लागतात आणि मराठी माणसाच्या रक्तात ते नाहीत. आपण हुकूम पाळण्यात वाकबगार, फार तर हुकूम सोडण्यात. धंद्यातील नेतृत्व हा आपला प्रांत नव्हे. श्रोत्यांत खसखस पिकली, टाळ्या झाल्या आणि मंडळी प्रसादाकडे वळली.

आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. पुढच्या रांगांत संचालक, उपसचिव, महाव्यवस्थापक अशी मंडळी होती, आणि आम्ही पडलो केंद्र सरकारच्या एका कार्यालयातले कारकून. वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये हा घरचा संस्कार आणि वरिष्ठांपुढे मुळीच बोलू नये हा कचेरीचा. परंतु ते मौन तेव्हापासून सलत आहे. म्हणून आज या मासिकाच्या पानांचा आश्रय घेत आहोत. सांगावयाचे ते एवढेच की, वक्त्यांचे म्हणणे चुकीचे होते, आभारकर्त्यांचेही चुकीचे होते, आणि दोघांची चूक एकच होती.

दोघांनीही नेतृत्व हा एका माणसाच्या अंगचा अलंकार मानला. एकाच्या मते तो शिकवणीने चढविता येतो, दुसऱ्याच्या मते तो जन्मतःच अंगावर असावा लागतो. आमचे मत असे की, धंद्यातील नेतृत्वाची कसोटी प्रमुखाच्या अंगी नसून त्याच्या हाताखालच्या माणसांच्या वागण्यात आहे. ज्या प्रमुखापाशी वाईट बातमी वेळेवर पोहोचते तो प्रभावी. ज्याच्यापाशी ती पोहोचत नाही तो कितीही गुणसंपन्न असो, निष्प्रभ. धंदा बुडतो तो बहुधा बातमी नसल्याने नव्हे. बातमी खालच्या मजल्यावर असते, आणि ती वर नेण्याची कोणाची छाती होत नाही.

कोणी म्हणेल, सरकारी नोकराने धंद्याच्या नेतृत्वाची उठाठेव का करावी? या मासिकाचे वाचक कोण आहेत ते पाहा. कोणी बँकेत आहेत, कोणी बंदरात, कोणी तेलकंपनीत, कोणी प्रतिनियुक्तीवर एखाद्या सरकारी उपक्रमाच्या संचालकपदी. निवृत्तीनंतर कोणी सल्लागार होतात, कोणी मुलाच्या कारखान्यात लक्ष घालतात. शेकडो कोटींची उलाढाल ज्यांच्या सहीने चालते त्यांनी ‘आम्ही नोकरदार, आम्हांला धंद्याशी काय’ असे म्हणणे ही नम्रता नव्हे, जबाबदारी टाळणे आहे.

आता त्या सात गुणांची परीक्षा घेऊ. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या अंगी त्यांतला कोणता गुण नव्हता? १९८७ साली काढलेली कंपनी त्यांनी दोन दशकांत जगाच्या बाजारात नेली. २००८ साली उत्तम कारभाराबद्दलचा ‘सुवर्णमयूर’ पुरस्कारही तिला मिळाला. आणि ७ जानेवारी २००९ रोजी त्याच अध्यक्षांनी संचालक मंडळास पत्र लिहून कळविले की, ताळेबंदात दाखविलेल्या रकमेपैकी पाच हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम अस्तित्वातच नाही. २०१५ साली विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्यांच्या लबाडीचा न्याय कायदा पाहील. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या कंपनीत हजारो नोकर होते, हिशेबनीस होते, नामवंत हिशेबतपासनीस होते, विद्वान संचालक होते. तरी संचालक मंडळाला सत्य कळले ते खुद्द कर्त्याने सांगितले तेव्हा! इतक्या माणसांच्या संस्थेत खालून वर जाणारी वाट इतकी बंद असेल तर वरच्या मजल्यावरची दूरदृष्टी कोणत्या कामाची?

परंतु लबाडाचे उदाहरण देऊन सुटका करून घेणे सोपे आहे. आमची खरी तक्रार सज्जनांविषयी आहे, आणि तीत आम्हीही दोषी आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या कार्यालयात होतो तेथे एका सरकारी उपक्रमाच्या गोदामांचे मासिक तक्ते येत. कार्यालयाचे प्रमुख आपल्याच मराठी मंडळींतले. सचोटीचे, अभ्यासू, रात्री आठ वाजेपर्यंत काम करणारे. मंडळाच्या दिवाळी पहाटेला अभंगही सुरेख म्हणत. एका गोदामाच्या तक्त्यातला साठा आणि पावत्यांवरून निघणारा साठा यांचा मेळ बसेना. फरक अकराशे पोत्यांचा होता. आमच्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या तरुण सहकाऱ्याने आकड्यानिशी टिपण लिहिले. कक्ष अधिकाऱ्यांनी ते परत केले. साहेबांना असले आवडत नाही, भाषा जरा सौम्य करा, म्हणाले. सहकारी रजेवर गेला आणि मसुदा आमच्या हाती आला. ‘अकराशे पोत्यांची तूट’ हे शब्द काढून त्या जागी ‘किरकोळ तफावत आढळते’ असे आम्ही लिहिले. ज्या अर्थी तफावत किरकोळ, त्या अर्थी ती अवर सचिवांनी शेवटच्या परिच्छेदात नेली. कागद साहेबांपुढे गेला तेव्हा त्यात तूट उरलीच नव्हती. त्यांनी ‘पाहिले’ असा शेरा मारून सही केली.

चौदा महिन्यांनी लेखापरीक्षक गोदामात शिरले तेव्हा तूट चौपट झाली होती. साहेबांकडून खुलासा मागविण्यात आला. ते व्यथित होऊन आम्हां सर्वांना म्हणाले, ‘मला हे कोणी सांगितले कसे नाही?’

या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकास ठाऊक होते. पूर्वी एकदा भाड्याच्या मालमोटारींच्या खर्चाचा अप्रिय आकडा घेऊन गेलेल्या सहायकाला साहेबांनी सर्वांदेखत विचारले होते, ‘उपाय घेऊन आलात की नुसतेच रडगाणे?’ वाक्य क्षणाचे होते. साहेब ते विसरलेही असतील. परंतु त्यानंतर त्या मजल्यावरून त्यांच्यापर्यंत कोणी रडगाणे नेले नाही. गोदामातल्या तुटीवर उपाय कारकुनापाशी कोठून असणार? त्याच्यापाशी फक्त आकडा होता. उपायाचा अधिकार साहेबांपाशी होता. ज्याच्यापाशी अडचण आहे त्याने उपायही आणावा असा नियम केला की, ज्या अडचणींवर खालच्या माणसापाशी उपाय नाही, म्हणजे ज्या सर्वांत मोठ्या आहेत, त्याच नेमक्या खाली राहतात. व्याख्यात्यांचा मंत्र तो हाच! आमचा अपराध आम्ही झाकीत नाही. ‘किरकोळ’ हा शब्द आमचाच होता आणि त्याची लाज अजून वाटते. परंतु तो शब्द आम्हांस कोणी शिकविला, याचाही विचार वरिष्ठांनी करावा.

याच्या उलट व्यवस्था जगात आहेत. जपानच्या टोयोटा कंपनीच्या कारखान्यात जुळणीच्या रांगेवर काम करणाऱ्या साध्या कामगाराच्या हाताशी एक दोरी असे. जोडणीत दोष दिसला की त्याने ती ओढावयाची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो आणि दोष तेथल्या तेथे दूर झाला नाही तर रांग थांबते. रांग थांबणे म्हणजे मिनिटामिनिटाला नुकसान. तरीही दोरी ओढणाऱ्यास उपाय विचारीत नाहीत. दोष दिसला एवढे पुरे. तीत मालकाचा भाबडेपणा नाही, हिशेब आहे. रांगेवर दुरुस्त केलेला दोष स्वस्त पडतो आणि ग्राहकाच्या दारी पोहोचलेला महाग. आमच्या त्या गोदामात अशी एक दोरी असती तर तूट अकराशे पोत्यांवर थांबली असती.

जपान दूर वाटत असेल तर घरचे उदाहरण घ्या. ई. श्रीधरन हे रेल्वेच्या नोकरीतले अभियंते, म्हणजे आपल्यासारखेच सरकारी माणूस. डिसेंबर १९६४ च्या वादळात रामेश्वरकडे जाणारा पांबन पूल मोडला. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि श्रीधरन यांच्या देखरेखीखाली काम ४६ दिवसांत झाले. पुढे १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाची धुरा त्यांच्याकडे आली. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्या मार्गाचा ध्यास घेतला होता तो रोह्यापासून दक्षिणेकडे जाणारा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग, नव्वदाहून अधिक बोगद्यांसह, २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. त्यानंतर दिल्लीची मेट्रो. २४ डिसेंबर २००२ रोजी तिचा शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा सुरू झाला.

लोक या कामांतली गती पाहतात. आमचे लक्ष दोन लहान गोष्टींकडे गेले. पहिली म्हणजे, मेट्रोच्या कार्यालयांत आणि कामांच्या जागी उलट मोजणारी घड्याळे लावली होती. काम पुरे होण्यास किती दिवस उरले ते त्यांवर रोज दिसे. विलंब ही वाईट बातमी आहे. अन्यत्र ती त्रैमासिक अहवालाच्या पोटात दडविली जाते. येथे ती भिंतीवर टांगलेली होती. ती वर नेण्याचे धाडस कोणालाच करावे लागत नव्हते. दुसरी गोष्ट १२ जुलै २००९ ची. दक्षिण दिल्लीत जमरुदपूर येथे मेट्रोच्या चालू बांधकामाचा भाग कोसळून माणसे दगावली. त्याच दिवशी श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही, हा पुढचा भाग. एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला प्रथम निलंबित करून प्रमुखास हात झटकता आले असते. आपल्याकडची रीतच ती आहे. ज्या संस्थेत अपघाताचा भार प्रथम सर्वांत वरचा माणूस उचलतो तेथे दुसऱ्या दिवशी खांबाला गेलेला तडा पाहणारा पर्यवेक्षक तोंड उघडतो. जेथे भार प्रथम पर्यवेक्षकावर टाकला जातो तेथे तो तडा गिलाव्याखाली जातो.

यावर एक सरळ उत्तर येईल की, बरोबरीच्या वागणुकीचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांतही माणसे भांडलीच. हे उत्तर टाळण्याजोगे नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या मारुती उद्योगात व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्यासारख्या सरकारी क्षेत्रातून आलेल्या माणसांनी सुझुकी कंपनीच्या पद्धती आणल्या. साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, जेवणघर एक, अधिकाऱ्यांना बंद खोल्या नाहीत. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मोटार बाहेर पडली आणि पुढच्या काळात त्या कारखान्याने देशातला मोटारींचा धंदा पालटून टाकला. पण त्याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात २०११ साली संप झाले आणि १८ जुलै २०१२ रोजी दंगल होऊन एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा बळी गेला. त्या हिंसेचे समर्थन कोणी सुबुद्ध माणूस करणार नाही. परंतु कामगारांच्या मागण्या गुप्त नव्हत्या. आपल्या पसंतीची संघटना हवी होती, आणि कायम कामगार व कंत्राटी कामगार यांच्या वेतनातील अंतर कमी व्हावयास हवे होते. ताट एका जेवणघरात आणि हजेरीपट दोन, अशा स्थितीत गणवेशाची एकी किती दिवस पुरणार? यावरून बरोबरी निरुपयोगी ठरत नाही. जेवणघर ही सोय आहे. ऐकणे हे काम आहे, आणि सोय केल्याने काम झाले असे होत नाही, एवढेच यावरून ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. सरकारी अधिकारी म्हणेल, ‘तुम्हां कारकुनांना काय ठाऊक? वाईट बातमी नस्तीवर आली की मला ती माहीत होती असे सिद्ध होते. उद्या चौकशी लागली तर जबाबदार मीच.’ हे भय पोकळ नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ यातील एका कलमान्वये, सार्वजनिक हित नसताना कोणास आर्थिक लाभ मिळाला एवढ्यावरूनही, हेतू वाईट असल्याचे न दाखविता, अधिकाऱ्यावर खटला होऊ शकत असे. २०१८ साली ते कलम बदलले. तरीही धाक उरला आहे हे आम्ही रोज पाहतो. परंतु या भयाचे फळ काय? ज्ञान धोक्याचे म्हणून अज्ञान जपावयाचे! सचिवालयात हे काही काळ चालून जाते. धंद्यात चालत नाही. कारण गोदामातले धान्य नस्तीची वाट पाहत नाही, आणि तोटा कोणाच्या शेऱ्यासाठी थांबत नाही. शिवाय आमच्या त्या साहेबांना अज्ञानाने तरी कोठे वाचविले? चौकशी त्यांचीच झाली, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव प्रमुखाच्या तोंडी शोभला नाही. वेळीच आलेल्या बातमीवर त्याच आठवड्यात केलेली नोंद आणि दिलेला तपासणीचा हुकूम, याहून चांगले चिलखत आम्हांस तरी ठाऊक नाही.

आता राहिला मराठी रक्ताचा प्रश्न. आभारकर्त्या साहेबांना आम्ही आदरपूर्वक विचारतो की, लक्ष्मणराव किर्लोस्कर कोणत्या रक्ताचे होते? मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक होते. बढती आपल्याला डावलून दुसऱ्यास दिली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. म्हणजे तेही प्रथम नोकरदारच! त्यांच्या लोखंडी नांगराला दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती वाईट बातमी पचवून ते नांगर करीतच राहिले. १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती कोणाच्या बळावर? शंभूराव जांभेकर मॅट्रिकही झालेले नव्हते, ते अभियंता झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, ते यंत्रांचे कल्पक कारागीर झाले. आणि मंगेशराव रेगे हे कारकून, हिशेब त्यांनी सांभाळला. अशा माणसांचे बोलणे ऐकले जात नसते तर ती जेथल्या तेथेच राहिली असती. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना घ्या. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव भाग गोळा करीत हिंडणारे शेतकरी, आणि धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्राचे पंडित. पंडिताने शेतकऱ्याचे ऐकले आणि शेतकऱ्याने पंडिताचे; १९५० च्या सुमारास कारखान्याचे चाक फिरू लागले. तेव्हा नेतृत्व आपल्या रक्तात नाही असे नव्हे. आपल्या कचेऱ्यांत ते आपण वाढू देत नाही. परप्रांतात नोकरीस आलेला मराठी अधिकारी सचोटीला जपतो, वक्तशीरपणाला जपतो, आणि दोहोंबरोबर एक करडी नजर जपतो. त्या नजरेपुढे तोंड उघडावयाचे नाही हे त्याची माणसे पहिल्या महिन्यात शिकतात.

टीका करून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. म्हणून चार सूचना करतो. अप्रिय आकडा घेऊन येणाऱ्यास पहिला शब्द ‘बरे झाले सांगितलेत’ असा असावा. उपायाची चर्चा दुसऱ्या शब्दापासून. टिपण ज्याने प्रथम लिहिले त्याच्या मूळ शब्दांत ते वर यावे. मधल्या पायऱ्यांनी आपले मत खाली जोडावे, मूळ ओळ खोडू नये. आता नस्त्या संगणकावर फिरत असल्याने कोणी काय बदलले ते पाहणे कठीणही नाही. महिन्यातून एक दिवस प्रमुखाने अहवाल बाजूस ठेवून गोदामात, गिऱ्हाइकांच्या खिडकीपाशी किंवा आवक-जावक विभागात जाऊन बसावे, आणि बोलावे कमी. आणि चूक झाल्यास वरच्याकडे जाणाऱ्या पत्रात पहिले नाव आपले लिहावे. यांपैकी एकासही पैसा लागत नाही. उपजत गुणही लागत नाही. २०२० साली केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘कर्मयोगी’ नावाची मोहीम मंजूर केली; तिचे संगणकावरचे पाठ आम्हीही पुरे केले आहेत आणि त्यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण साहेबांच्या खोलीचे दार किती सहज उघडते हे कोणताही पाठ शिकवू शकत नाही.

आमच्या लेखनात कोणाचा अधिक्षेप झाला असे वाटल्यास क्षमा असावी. ज्यांचे अन्न त्याच कचेऱ्यांतून येते त्यांनी लिहिलेले हे टिपण आहे. आणि या वेळी आम्ही ते सौम्य केलेले नाही. वाचकांपैकी जे अधिकारी आहेत त्यांना एवढीच विनंती की, उद्या कचेरीत गेल्यावर स्वतःस विचारून पाहावे : गेल्या महिन्यात आपल्या कारकुनाने येऊन आपल्याला न आवडणारी कोणती गोष्ट सांगितली? एकही आठवत नसेल तर सर्व सुरळीत आहे असे समजू नये. कोठेतरी एखादे गोदाम रिकामे होत असेल, आणि कोणीतरी आमच्यासारखा बसून ‘किरकोळ’ हा शब्द लिहीत असेल.